एस्सेल वर्ल्ड ते इमॅजिका: रोलरकोस्टर चालतो कसा आणि मध्येच थांबतो का?

मागच्या आठवड्यात मामेभावाने व्हॉट्सअ‍ॅपवर एक रील पाठवला. रोलरकोस्टरची गाडी चढावर अर्ध्यात थांबलेली, वर लोक अडकलेले आणि खाली कमेंट्सचा पाऊस: "राइड बिघडली", "थोडक्यात वाचले". त्याखाली त्याने लिहिलं होतं, "दादा, आठवतंय ना?"

आठवतंय की! काही वर्षांपूर्वी आम्ही दोघं असेच एका पार्कमध्ये चढावर अडकलो होतो. पार्कचं नाव इथे महत्त्वाचं नाही. त्या दहा-पंधरा मिनिटांत जे वाटलं आणि नंतर जे समजलं, यात जमीन-अस्मानाचा फरक होता. म्हणून आज आपल्याकडच्या अम्युझमेंट पार्कचा इतिहास, तिथल्या राइड्स आणि त्यामागचं तंत्रज्ञान एकत्रच बघूया. तुमच्या खिशातला फोनही यात कामाला येणार आहे.

आधी थोडा इतिहास

रायगडच्या किनाऱ्यावर वाढलेल्या पोरांची पहिली राइड म्हणजे जत्रेतला आकाशपाळणा. आमच्याकडे चौल-भोवाळ्याची दत्तजत्रा. पाळणा वरून खाली येताना पोटात जो गोळा येतो, तीच सगळ्या राइड्सची मूळ गंमत. फरक इतकाच की जत्रेतला पाळणा चार दिवसांत उभा राहतो आणि उतरवला जातो, पार्कमधली राइड मात्र कायमच्या पायावर उभी असते.

भारतातलं पहिलं मोठं अम्युझमेंट पार्क म्हणून दिल्लीच्या अप्पू घरचं नाव घेतलं जातं. ते १९८४ साली प्रगती मैदानात सुरू झालं. १९८२ च्या आशियाई खेळांचा शुभंकर असलेल्या अप्पू हत्तीवरून त्याला नाव मिळालं. २००८ मध्ये ते बंद झालं.

आपल्या भागात हा मान एस्सेल वर्ल्डचा. १९८९ मध्ये मुंबईच्या वायव्येला गोराईत, खाडीच्या काठावर ते सुरू झालं. सुरू करणारे सुभाष चंद्र, ज्यांनी पुढे १९९२ मध्ये झी टीव्ही आणला. १९९८ मध्ये शेजारीच वॉटर किंगडम उभं राहिलं. भाईंदर-उत्तनकडून रस्ता होता, पण खरी मजा बोटीची. मार्वे किंवा गोराईच्या जेट्टीवरून बोटीत बसायचं आणि समोर राइड्स दिसायला लागल्या की आरडाओरडा सुरू. नंतर तिथेच विपश्यना पॅगोडाचा सोनेरी घुमटही दिसू लागला.

आमच्या शाळेची सहल पहाटे अंधारात निघाली होती. झिपर डिपर हा छोटा रोलरकोस्टर, उलटं करणारा हूला लूप, वर नेऊन खाली सोडणारा शॉट-एन-ड्रॉप, बर्फावरचं स्केटिंग... त्या वेळी महाराष्ट्रातल्या हजारो मुलांसाठी "राइड" या शब्दाचा अर्थच एस्सेल वर्ल्ड होता. कोरोनाच्या काळात पार्कला कुलूप लागलं आणि २०२२ मध्ये ते बंदच झालं. ३० पेक्षा जास्त वर्षं चाललेल्या जागेचे आज उरलेत ते फक्त कपाटातले फोटो.

दरम्यान २०१३ मध्ये रायगड जिल्ह्यातच, खोपोलीजवळ, इमॅजिका सुरू झालं होतं. त्यामागे होते अ‍ॅडलॅब्स या फिल्म लॅबचे संस्थापक मनमोहन शेट्टी. म्हणूनच तिथल्या राइड्सना सिनेमासारख्या गोष्टी आहेत. पुढे वॉटर पार्क आणि स्नो पार्कची भर पडली आणि २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने ते ताब्यात घेतलं. म्हणजे गोराईचं दार बंद झालं, त्याच वर्षी खोपोलीला नवा मालक मिळाला.

इमॅजिकातल्या मुख्य राइड्स, थोडक्यात

- नायट्रो: स्वित्झर्लंडच्या बॉलिजर अँड माबियार कंपनीचा फ्लोअरलेस कोस्टर. पायाखाली जमीन नाही, पाय मोकळे लटकतात. उंची सुमारे ४० मीटर आणि एका फेरीत पाच वेळा उलटं.
- डीप स्पेस: इमारतीच्या आत, अंधारात धावणारा कोस्टर. पुढचं वळण दिसत नसल्यामुळे वेग आहे त्यापेक्षा जास्त वाटतो.
- स्क्रीम मशीन: मोठा लोलक. झुलतो आणि त्याच वेळी स्वतःभोवती फिरतो.
- डेअर ड्रॉप: वर नेतो, थांबवतो आणि सोडून देतो.
- राजासॉरस रिव्हर अ‍ॅडव्हेंचर: डायनासोरांमधून जाणारी बोट. राजासॉरस हा खरोखर आपल्या देशातला डायनासोर. त्याचे अवशेष गुजरातेत नर्मदेच्या खोऱ्यात मिळाले आणि २००३ मध्ये त्याला हे नाव दिलं गेलं.

रोलरकोस्टरला इंजिन कुठे असतं?

बहुतेक जणांचा इथेच गोंधळ होतो. नायट्रोसारख्या कोस्टरच्या गाडीला इंजिन नसतंच! सुरुवातीला एक साखळी तिला चढावर ओढून नेते. शिखरावर साखळी सुटते आणि पुढचा सगळा प्रवास गुरुत्वाकर्षणावर होतो.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण खोपोलीतच आहे. लोणावळ्याकडच्या तलावांत साठवलेलं पाणी मोठ्या पाइपांतून सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीला सोडतात आणि त्यावर टाटांचं वीजकेंद्र १९१५ पासून चालतंय. वर असलेल्या पाण्यात ऊर्जा साठलेली असते, खाली येताना ती वेगात बदलते आणि त्या वेगाने टर्बाइन फिरतं. कोस्टरमध्येही हेच होतं. फक्त पाण्याच्या जागी तुम्ही असता आणि विजेच्या जागी किंकाळी निघते.

हिशोब करून बघायचाय? उंचीला ९.८ ने गुणा, त्याची दुप्पट करा आणि वर्गमूळ काढा. ४० मीटर उंचीसाठी उत्तर येतं सेकंदाला २८ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १०० किलोमीटर. यात वजन कुठेच आलं नाही, हे लक्षात आलं का? शेजारी जाडजूड काका बसले म्हणून गाडी दुप्पट वेगाने पळत नाही.

घर्षण आणि हवा थोडी थोडी ऊर्जा खात राहतात. म्हणून साध्या कोस्टरमध्ये पहिला चढ सगळ्यात उंच असतो आणि पुढचे लहान होत जातात. काही कोस्टर मात्र चढ टाळून विद्युतचुंबकांच्या जोरावर गाडीला थेट पुढे फेकतात. त्याला लाँच कोस्टर म्हणतात.

उलटं झाल्यावर आपण पडत का नाही?

दोन कारणं आहेत. पहिलं, वेग. पाण्याची बादली जोरात गोल फिरवली तर पाणी सांडत नाही, तसंच हे. लूपच्या माथ्यावर गाडीचा वेग पुरेसा असेल तर तुम्ही सीटवर दाबलेलेच राहता.

दुसरं, चाकं. कोस्टरची चाकं रुळावर नुसती ठेवलेली नसतात. एक जोडी रुळाच्या वर, एक बाजूला आणि एक खालून असते. तिन्ही बाजूंनी रूळ पकडलेला असल्यामुळे गाडी सुटून उडू शकत नाही. खालच्या चाकांची ही कल्पना अमेरिकेच्या जॉन मिलर यांनी १९१९ च्या सुमारास आणली.

आणि लूप पूर्ण गोल नसतो, थेंबासारखा असतो. गोल लूपमध्ये माथ्यापेक्षा तळाशी शरीरावर तब्बल ६ जी जास्त भार पडतो. १ जी म्हणजे तुमचं नेहमीचं वजन. एवढ्या झटक्याने मान आखडते, डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. थेंबासारख्या लूपमध्ये तळाचं वळण मोठं आणि माथ्याचं लहान असतं, त्यामुळे भार आवाक्यात राहतो. १९७६ मध्ये जर्मन अभियंते वेर्नर श्टेंगल यांनी कॅलिफोर्नियातल्या कोस्टरसाठी असा लूप बनवला आणि तिथून तो जगभर गेला.

मग आमची गाडी मध्येच का थांबली होती?

आता मूळ मुद्द्यावर येऊ. कोस्टरचा रूळ अनेक भागांत वाटलेला असतो. अशा एका भागाला ब्लॉक म्हणतात. नियम एकच: एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी. पुढचा ब्लॉक रिकामा झाल्याचं सेन्सरने सांगितल्याशिवाय मागची गाडी सोडायची नाही. लोकल पुढे सिग्नल लाल आहे म्हणून दादरच्या अलीकडे ताटकळते ना, अगदी तसंच.

समजा, पुढची गाडी स्टेशनात अडकली, कारण कुणाचा तरी बेल्ट नीट उघडत नाहीये. कॉम्प्युटर मागच्या गाडीला जागच्या जागी थांबवतो, आणि थांबवायची सगळ्यात सोयीची जागा म्हणजे साखळीचा चढ. एखाद्या सेन्सरने चुकीचा संदेश दिला तरी कॉम्प्युटर "शंका आली की थांब" असंच वागतो.

पण मग गाडी मागे का घसरत नाही? चढताना येणारा तो "कट-कट-कट" आवाज आठवतो का? गाडीखालचा खटका रुळालगतच्या दात्यांवरून सरकत जातो, त्याचा तो आवाज. साखळी तुटली तरी खटका दात्यात अडकतो आणि गाडी तिथेच राहते. याला वीज लागत नाही, कॉम्प्युटरही लागत नाही.

हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. गाडी थांबली, आवाज थांबला आणि वारा तेवढा ऐकू येत राहिला. कुणी काही सांगेना. भाऊ तेव्हा बारा वर्षांचा होता. त्याला वाटलं, आता गाडी मागे जाणार. तो मांडीवरच्या दांड्याखालून पाय सोडवायला लागला. शरीराने बारीक, त्यामुळे अर्धा बाहेर आलाही होता. मी त्याचा शर्ट घट्ट धरून ठेवला आणि ओरडलो की गप बस. शेवटी एक कर्मचारी चढालगतच्या पायऱ्यांवरून वर आला, एकेकाला उतरवलं आणि हाताला धरून खाली नेलं. आम्हाला खरचटलंसुद्धा नाही.

नंतर समजलं की यंत्राने आपलं काम चोख केलं होतं. आम्हाला धोका होता तो भावाच्या त्या धडपडीचा. आणि "घाबरू नका, बसून राहा" एवढं स्पीकरवरून कुणी सांगितलं असतं, तर तो धडपडलाच नसता. ही तक्रार मात्र माझी आजही आहे. सुरक्षेत माणसांशी बोलणंही येतं.

म्हणून हे पाठच करून ठेवा: राइड थांबली तर बसून राहा. बेल्ट किंवा दांडा स्वतः सोडवू नका. बहुतेक मोठ्या राइड्समध्ये वीज गेली तरी दांडे बंदच राहतात, ते उघडायलाच वेगळा संदेश लागतो.

ड्रॉप टॉवर वीज गेल्यावर थांबेल का?

हो. बऱ्याच ड्रॉप टॉवरमध्ये चुंबकीय ब्रेक असतात. तांब्यासारख्या धातूची पट्टी शक्तिशाली चुंबकांमधून वेगाने गेली की पट्टीत वीजप्रवाह तयार होतो आणि तोच प्रवाह तिच्या हालचालीला विरोध करतो. वेग जितका जास्त, तितका विरोध मोठा. कायमस्वरूपी चुंबकांना वीज लागत नाही, त्यामुळे वीज गेली म्हणून ब्रेक जात नाही.

आता फोन काढा, पण राइडवर नाही

तुमच्या फोनमध्ये अ‍ॅक्सेलरोमीटर नावाची चिप असते. तिच्या आत सिलिकॉनचा अगदी सूक्ष्म ठोकळा बारीक स्प्रिंगांवर तोललेला असतो. फोन हलला की ठोकळा किंचित सरकतो आणि ते सरकणं चिप मोजते. स्क्रीन आडवी होते ती याच चिपमुळे.

जर्मनीच्या आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स हे मोफत अ‍ॅप टाका आणि हे करून बघा:

१. फोन टेबलावर ठेवा. आकडा ९.८ च्या आसपास दिसेल. हेच ते १ जी.
२. फोन हातात धरून लिफ्टने जा. वर निघताना आकडा वाढेल, खाली निघताना कमी होईल. पोटातला गोळा म्हणजे हाच कमी झालेला आकडा.
३. गादीवर, वीतभर उंचीवरून फोन सोडा. पडतानाच्या क्षणी आकडा शून्याजवळ जाईल. ड्रॉप टॉवरमध्ये तुमचंही हेच होतं.

राइडवर मात्र फोन लॉकरमध्येच ठेवा. सेकंदाला २५ मीटर वेगाने हातातून सुटलेला फोन खालच्या माणसासाठी दगड असतो.

अजून एक गंमत. २०२२ मध्ये आयफोन १४ मध्ये अपघात ओळखणारी सोय आली. अमेरिकेत सिनसिनाटीजवळच्या एका पार्कमध्ये कोस्टरवरच्या फोनना वाटलं, मालकाचा अपघात झालाय, आणि त्यांनी थेट आपत्कालीन सेवेला फोन लावले! चिपने झटके बरोबर मोजले होते, अर्थ चुकीचा लावला होता.

थोडक्यात

आमचंही तेच झालं होतं. गाडी थांबली हे खरं होतं, "आता संपलं" हा अर्थ आम्ही लावला होता. भावाच्या रीलला मी एवढंच उत्तर दिलं: "ती बिघडली नव्हती रे, पुढचा सिग्नल लाल होता." तो आता इंजिनिअरिंगला आहे. दिवाळीच्या सुट्टीत नायट्रोवर जायचं ठरलंय. शर्ट धरायला मी शेजारीच बसणार आहे, सवय म्हणून.