कुलूप, पेन आणि दहा दिवस

गिऱ्हाइकाची तक्रार पूर्वी दुकानाच्या पायरीवर सुरू होई आणि बहुधा तिथेच संपे. फार तर वर्तमानपत्रात वाचकांच्या पत्रव्यवहारात चार ओळी छापून येत. या एकाकी तक्रारीला संघटित रूप देण्याचे काम महाराष्ट्रात १९७०च्या दशकात ग्राहक पंचायतीने सुरू केले. १९८६मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला. पुढे ब्लॉगने आणि ऑनलाइन चर्चापीठांनी एकट्या ग्राहकाच्या हाती आणखी एक साधन दिले. ते कुठे चालले आणि कुठे अडले, हे दोन प्रकरणे शेजारी ठेवून पाहिले की स्पष्ट होते.

पहिले प्रकरण अमेरिकेतले. ‘क्रिप्टोनाइट’ कंपनीची, इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराची पोलादी कुलपे सायकलस्वारांत अत्यंत भरवशाची मानली जात. १२ सप्टेंबर २००४ रोजी एका सायकलस्वाराने चर्चापीठावर लिहिले, की आपले महागडे कुलूप ‘बिक’च्या साध्या बॉलपेनने काही सेकंदांत उघडले. कारण सरळ होते. या कुलपाची किल्ली गोल, पोकळ नळीसारखी असे आणि पेनच्या प्लॅस्टिकच्या नळीचा घेर तिच्याशी जुळे. नळी आत दाबली की मऊ प्लॅस्टिकवर कुलपातल्या खिळ्यांचे ठसे उमटत आणि तीच किल्लीसारखी फिरे. लगोलग चित्रफिती फिरू लागल्या. १७ तारखेला ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने बातमी दिली. आपली कुलपे चोरीला प्रभावी अटकाव करतात, असे आधी सांगणाऱ्या कंपनीने २२ सप्टेंबरला कुलपे मोफत बदलून देण्याचे जाहीर केले. या खर्चाचा अंदाज ‘फॉर्च्यून’ने एक कोटी डॉलर इतका दिला.

‘दहा दिवसांत ब्लॉगने कंपनी नमवली’ अशी ही कथा व्यवस्थापनाच्या वर्गांत सांगितली जाते. ती अपुरी आहे. हाच दोष १९९२मध्ये ब्रिटनमधल्या एका सायकलविषयक नियतकालिकाने छापला होता आणि बारा वर्षे काहीही घडले नव्हते. म्हणजे माहिती नवी नव्हती. नवी होती ती पडताळणी. चित्रफीत पाहणारा माणूस टेबलावरचे पेन उचलून स्वतःच्या कुलपावर प्रयोग करी आणि साक्षीदार होई. छापील मजकुरावर विश्वास ठेवावा लागतो. इथे विश्वासाची गरजच उरली नाही.

अर्थात याची दुसरी बाजूही आहे. ग्राहकाला कळले त्याच क्षणी चोरालाही कळले. ज्याने यातले काहीच वाचले नव्हते, तो त्याच कुलपावर विसंबून सायकल रस्त्यात उभी करत राहिला. खुल्या माहितीचा लाभ आणि तिची किंमत एकाच माणसाच्या वाट्याला येतातच असे नाही.

दुसरे प्रकरण आपल्याकडचे. २००५मध्ये रश्मी बन्सल यांच्या ‘जॅम’ या तरुणांच्या नियतकालिकाने ‘आयआयपीएम’ या व्यवस्थापन शिक्षणसंस्थेच्या जाहिरातींतले दावे तपासणारा लेख छापला. गौरव सबनीस यांनी आपल्या ब्लॉगवर त्याचा दुवा देऊन टिप्पणी केली. त्यांना कायदेशीर नोटीस आली. सबनीस तेव्हा आयबीएममध्ये नोकरीला होते आणि संस्थेच्या विद्यार्थ्यांकडे त्याच कंपनीचे लॅपटॉप होते. ते लॅपटॉप जाळण्याचा इशारा आपल्या कंपनीपर्यंत पोहोचल्याचे सबनीस यांनी लिहिले. कंपनीला आपल्यामुळे त्रास नको म्हणून त्यांनी राजीनामा दिला. मजकूर मात्र मागे घेतला नाही. शेकडो ब्लॉगलेखक त्यांच्या बाजूने उभे राहिले.

तरीही इथे दहा दिवसांत काही झाले नाही. फेब्रुवारी २०१३मध्ये ग्वाल्हेरच्या न्यायालयाच्या आदेशावरून संस्थेविषयीचे ७३ वेबपत्ते बंद करण्यात आले. त्यांत विद्यापीठ अनुदान आयोगाची स्वतःची सूचनाही होती! सप्टेंबर २०१४मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने संस्थेला ‘एमबीए’, ‘बीबीए’ यांसारखे शब्द वापरण्यास मनाई केली. ब्लॉगवरच्या वादापासून तिथवर नऊ वर्षे गेली आणि त्या काळात प्रवेश होतच राहिले.

दहा दिवस आणि नऊ वर्षे हा फरक केवळ अमेरिका व भारत यांतला नाही. कुलूप घरी तपासता येते; पदवीचे मोल ती घेऊन बाजारात उभे राहिल्याखेरीज कळत नाही, आणि तोवर कर्ज काढून भरलेली फी गेलेली असते. ज्या मालाची परीक्षा प्रत्येकाला करता येते, तिथे ब्लॉग पुरेसा ठरला. जिथे परीक्षा कागदपत्रांची, मान्यतेची आणि दाव्यांची होती, तिथे ब्लॉगने प्रश्न जिवंत ठेवला, पण उत्तर न्यायालयाकडूनच आले. ग्राहक चळवळीने कायद्याचा आग्रह धरला होता, त्याचे मर्म इथे पटते.

पुढे व्यवसायांनीही धडा घेतला, पण निराळा. टीकाकाराला नोटीस धाडण्यापेक्षा स्तुतिपाठक विकत घेणे सोपे, हे त्यांच्या ध्यानात आले. म्हणून २००९मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाला नियम करावा लागला, की मोबदला घेणाऱ्या ब्लॉगलेखकाने तसे सांगितले पाहिजे. भारतात जाहिरात मानक परिषदेने प्रभावकांसाठी अशीच मार्गदर्शक तत्त्वे २०२१मध्ये आणली, तर ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक २०२२मध्ये आले.

२००४मध्ये लिहिणाऱ्याचा हेतू वाचकाला विचारावा लागला नाही. पेन हाताशी होते. आज पडद्यावरचा अभिप्राय वाचताना पहिला प्रश्न हाच पडतो, की याचे पैसे कोणी दिले? वस्तू तपासण्याचे साधन मिळवून पुरती वीस वर्षे झाली नव्हती, तोच सांगणाराच तपासण्याची पाळी ग्राहकावर आली.