नऊ माणसांसमोर

नागपूर खंडपीठात तुमचा युक्तिवाद न्यायमूर्तींपुढे चालतो. ज्युरी तुमच्या वाट्याला कधी आलीच नाही. म्हणून आज मुंबई उच्च न्यायालयातल्या या बाकावर जागा धरा. तारीख १५ जुलै १९०८, दुपारचे चार. राजद्रोहाचे आरोपी टिळक स्वतःच स्वतःचा बचाव करायला उभे राहत आहेत.

आधी त्या नऊ जणांकडे नीट बघा. सात युरोपियन, दोन पारशी. आक्षेप ‘केसरी’तल्या मराठी लेखांवर आहे, युरोपियन ज्युरर मात्र ते सरकारी भाषांतरातूनच वाचणार. पहिल्यांदा कानावर पडलेली हकीकत मनात घर करते, आणि इथे ती सरकारी पक्षाने आधीच सांगून ठेवली आहे. शिवाय मुझफ्फरपूरच्या बाँबला तीन महिनेही झालेले नाहीत. त्यात दोन इंग्रज स्त्रिया गेल्या. ती धास्ती या ज्युररांबरोबरच आत आली आहे.

तुम्ही असता तर कुठून सुरुवात केली असती? सरकारी पक्षाचे बॅरिस्टर ब्रॅन्सन समोर बसलेले, न्यायासनावर न्यायमूर्ती दावर. हेच दावर १८९७ साली टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे राहिले होते. यंदा त्यांनी जामीन नाकारला आहे.

टिळक दया मागत नाहीत. माझी मते तुम्हाला पटावीत असा माझा आग्रहच नाही, असे ते सांगतात. मग ते ज्युरीला तिच्याच देशाच्या इतिहासात घेऊन जातात. १७९२ चा फॉक्सचा कायदा, वृत्तपत्रस्वातंत्र्यासाठी ज्युरींनी दिलेले लढे, लेखकाचा हेतू काय हे ठरवण्याचा ज्युरीचा स्वतःचा हक्क. इथे कान द्या, सगळी ताकद इथेच आहे. आता आरोपीला सोडणे म्हणजे एका नेटिवावर मेहेरबानी नव्हे. ती इंग्रज माणसाने आपल्याच परंपरेशी राखलेली इमानदारी ठरते. भेदरलेल्या माणसाला ‘भिऊ नको’ म्हणून भागत नाही, त्याला ताठ उभे राहण्यासाठी त्याच्या अभिमानातली जागा दाखवावी लागते. हे मी ज्युरीपुढच्या बचावाचे सर्वांत मोठे मर्म मानतो.

भाषण मात्र थांबत नाही. दिवसामागून दिवस, एकवीस तासांहून अधिक. भाषांतरातला शब्दन् शब्द ते तपासतात, अँग्लो-इंडियन पत्रांतले उतारे वाचतात, लेख तुकड्यांनी नव्हे, वादाच्या ओघात सबंध वाचा म्हणून विनवतात. कागदपत्रे पुढे केल्यामुळे शेवटचे बोलायची संधी ब्रॅन्सनकडे जाते. वकील म्हणून तुम्हाला ती किंमत जड वाटेल, आणि ती जडच आहे. पण मराठी न जाणणाऱ्यांपुढे मराठी लेखाचा अर्थ उभा करायचा तर तासाभरात तो कसा उभा राहणार?

२२ जुलैच्या रात्री ज्युरी आत जाते आणि तासाभराहून अधिक वेळाने परतते. सात विरुद्ध दोन, दोषी. सहा वर्षे काळे पाणी. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे अपिलाच्या खटपटीसाठी विलायतेला जातील. हाती काही लागणार नाही.

आता १९१६ मध्ये या. टिळकांच्या बेळगाव-नगरच्या मराठी भाषणांचे प्रकरण उच्च न्यायालयात आले आहे. समोर ज्युरी नाही, न्यायमूर्ती बॅचलर आणि शाह आहेत. बॅरिस्टर जिना तोच मुद्दा मांडतात, भाषणे सबंध वाचा. दोघे न्यायमूर्ती ती सबंध वाचतात आणि निकाल टिळकांच्या बाजूने देतात.