शाळा, भ्रमणध्वनी आणि ऊसतोडीचा हंगाम

शाळेत विद्यार्थ्याने भ्रमणध्वनी आणावा की नाही, हा प्रश्न वरवर पाहता केवळ शिस्तीचा वाटतो. त्याचा इतिहास पाहू गेल्यास मात्र निराळीच गोष्ट ध्यानात येते. नियम कोणी करावा आणि तो कोणावर बंधनकारक असावा, यावरून शाळा, घर आणि गाव यांच्यात गेली पंधरा-वीस वर्षे जी ओढाताण चालली आहे, तिचाच हा इतिहास होय. आता या तिघांपैकी घरच वर्षातील पाच-सहा महिने गावात नसेल, तर नियमाचे काय होते? हे पाहावयाचे असल्यास अहिल्यानगर जिल्ह्यातील (२०२४ पूर्वीचा अहमदनगर जिल्हा) पाथर्डी तालुका आणि त्यातील तिसगावचा परिसर विचारात घ्यावा लागतो.

आरंभी हा प्रश्न शाळेपुढे नव्हताच. ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता आणि दिल्ली यांच्या दरम्यान भारतातील पहिले भ्रमणध्वनी-संभाषण झाले, तेव्हा आलेल्या फोनासाठीही पैसे मोजावे लागत. २००३ मध्ये येणारे फोन निःशुल्क झाले आणि हे साधन सामान्य कुटुंबांत शिरले. २००९ साली केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने परिपत्रक काढून आपल्या शाळांतील वापरावर निर्बंध घालण्यास सांगितले. चिंता मुख्यतः वर्गातील एकाग्रता भंगण्याची होती. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि बोलण्याचे हे यंत्र पाहण्याचे व खेळण्याचे यंत्र बनले. फ्रान्सने ऑगस्ट २०१८ मध्ये कायदा करून प्राथमिक व कनिष्ठ माध्यमिक शाळांतील वापरास मनाई केली, ती या दुसऱ्या यंत्रास उद्देशून होती.

या नियमांची भाषा लक्षात घेण्याजोगी आहे. शासकीय मराठीने ‘दूरध्वनी’च्या धर्तीवर ‘भ्रमणध्वनी’ हा शब्द स्वीकारला. लोकांनी ‘मोबाईल’ म्हटले. पण नियमाची क्रियापदे जुनीच राहिली. शाळेत मोबाईलला ‘बंदी’ असते आणि सापडल्यास तो ‘जप्त’ होतो. हे दोन्ही शब्द दरबार, महसूल आणि फौजदारी यांच्या फारसी वळणाच्या परिभाषेतून आलेले आहेत. त्यांत हुकूम देणारा एक आणि पाळणारा दुसरा, ही विभागणी गृहीतच असते. शिक्षकाच्या खिशातील यंत्राविषयी अशी भाषा सहसा बोलत नाही. विद्यार्थ्यांच्या नजरेतून ही गोष्ट सुटत नाही, हे वेगळे सांगावयास नको.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि ही सारी व्यवस्था एका दिवसात उलटी झाली. काल जो जप्त करावयाचा, तोच आज वर्ग झाला. महाराष्ट्रातील ग्रामीण भागात पाचवीपासून पुढील वर्ग सर्वत्र नीट सुरू होण्यास ४ ऑक्टोबर २०२१ उजाडले. या दीड वर्षात शाळेने स्वतःच्या हाताने मुलांच्या हाती दिलेली वस्तू पुन्हा काढून घेण्याचा नैतिक अधिकार तिच्याकडे पूर्वीइतका उरला नाही. ग्रामीण भारताविषयीच्या ‘असर’ २०२४ च्या अहवालानुसार १४ ते १६ वर्षे वयाच्या सुमारे ९० टक्के मुलामुलींच्या घरी स्मार्टफोन होता. आधीच्या आठवड्यात अभ्यासाशी संबंधित काही केले असे सांगणारे ५७ टक्के होते. समाजमाध्यमे पाहणारे ७६ टक्के.

शाळेच्या हातून निसटलेले हे काम मग गावाने उचललेले दिसते. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यातल्या बांशी ग्रामपंचायतीने नोव्हेंबर २०२२ मध्ये १८ वर्षांखालील मुलांना मोबाईल बंद करण्याचा ठराव केला. तो बंदीच्याच जातीचा होता. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात, मोहित्यांचे वडगाव येथे, सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने जे झाले ते मात्र वेगळ्या जातीचे होते. रोज सायंकाळी सात वाजता देवळावरील भोंगा वाजावा, त्यासरशी घराघरांतील दूरदर्शन संच व मोबाईल बंद व्हावेत, मुलांनी अभ्यासास बसावे, आणि साडेआठला पुन्हा भोंगा वाजावा, असे ठरले. प्रथम ही कल्पना हसण्यावारी नेली गेली. महिलांनी ती उचलून धरली तेव्हाच ती उभी राहिली. आरंभी शिक्षक, अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या घरोघर फिरत.

या प्रयोगाचे मर्म त्याच्या शब्दातच आहे. भोंगा हा मराठीत गिरणीचा किंवा नगरपालिकेचा. तो कोणा एकाला उद्देशून वाजत नाही, आणि वस्तू हिरावून न घेता केवळ वेळ ठरवितो. मुलाने मोबाईल ठेवावयाचा तर बापानेही ठेवावयाचा, ही अट बंदीत नव्हती. भोंग्यात ती आपोआप आली. शालेय नियमांच्या या साऱ्या इतिहासात प्रौढांना बांधून घेणारा नियम इतका स्पष्ट क्वचितच आढळतो.

परंतु त्याने एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: सायंकाळी सात वाजता आईबाप घरी आहेत. तिसगावच्या परिसरात हे गृहीत टिकत नाही. अहिल्यानगरहून पाथर्डीस जाणाऱ्या रस्त्यावरील हे बाजाराचे गाव. मढी आणि वृद्धेश्वर ही यात्रास्थाने जवळच आहेत. सारा तालुका अवर्षणप्रवण असून त्यातील कित्येक कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस निघतात. मजुरीच्या हिशेबात नवराबायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. माणसांची मोजणी हत्याराने होते. टोळ्या जातात त्या बहुतांशी सातारा, सांगली, कोल्हापूर आणि कर्नाटकाकडे. मुले बरोबर गेली तर शाळा सुटते. मागे ठेवली तर ती आजीआजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात.

अशा मुलाच्या दृष्टीने मोबाईल म्हणजे काय, हा प्रश्न परिपत्रकांनी विचारलेला नाही. घरात एकच यंत्र असेल तर ते हंगामात आईबापांबरोबर फडावर जाते. साथीच्या काळातील पहिला हंगाम २०२० च्या शरदात सुरू झाला, तेव्हा शाळेचा वर्ग यंत्रात होता आणि असे यंत्र कोपीवर होते. दुसरे यंत्र आजीपाशी असेल, तर तेच मुलाचे खेळणे आणि तेच आईचा आवाज. ते रागावून काढून घ्यावयाचे तर दोन्ही गोष्टी एकदमच जातात. आणि आजीला त्यातील एक बंद करून दुसरी चालू ठेवता येईल, ही अपेक्षा शहरी आहे. मुलींची स्थिती आणखी अवघड आहे. ‘असर’च्याच पाहणीत स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी सुमारे ३६ टक्के मुलांकडे तो स्वतःचा होता, मुलींपैकी सुमारे २७ टक्क्यांकडे.

न्यायालयांनी हा भेद काही अंशी ओळखला आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एका महाविद्यालयीन वसतिगृहाच्या प्रकरणात इंटरनेटची उपलब्धता शिक्षणाच्या हक्काशी जोडली. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये शाळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून देताना सरसकट बंदी अनिष्ट आणि अव्यवहार्य ठरविली. शक्य तेथे यंत्र शाळेत जमा करून घ्यावे, वर्गात वापरू देऊ नये, पण पालकांशी संपर्क आणि सुरक्षितता यांसाठी त्याचे स्थान मान्य करावे, असा त्या निर्णयाचा आशय आहे. ‘जप्त’ आणि ‘जमा’ या दोन शब्दांतील अंतर येथे नियमाच्या पातळीवर उमटले. तरीही जमा केलेले यंत्र शाळा सुटताना परत मिळते, आणि पाथर्डी तालुक्यातील मुलाचा प्रश्न तेथून पुढे सुरू होतो.

दिवसभर मोळ्या बांधून आणि गाडी भरून झाल्यावर तोडणी कामगार कोपीवर परततो तो अंधार पडण्याच्या सुमारास. कडेगाव हाही उसाचाच तालुका. तिकडे भोंगा वाजून घरे निःशब्द होतात, साधारण त्याच वेळी त्याच पट्ट्यातील फडांवरून गावाकडे फोन लागू लागतात.