सूर्यावर बॉम्ब टाकला तर? आणि १९६७ सालची उलटी गोष्ट

दर दोन-तीन आठवड्यांनी कुणीतरी हा प्रश्न पाठवतंच: "जगातले सगळे अणुबॉम्ब एकदम सूर्यावर टाकले, तर सूर्याला काही होईल का?" प्रश्न दिसतो फिजिक्सचा. पण त्याच्या पोटात एक भन्नाट इतिहास दडलाय, आणि मला खरं तर तो सांगायचाय. आधी प्रश्नाचं उत्तर देऊन टाकते, मग इतिहासाकडे वळू.

माणसानं आजवर फोडलेला सगळ्यात मोठा बॉम्ब घ्या. ३० ऑक्टोबर १९६१. सोव्हिएत रशियाच्या उत्तरेला, आर्क्टिक समुद्रात नोवाया झेम्ल्या नावाची बेटं आहेत. तिकडे निघालेल्या टीयू-९५ विमानाखाली २७ टनांचा बॉम्ब लटकत होता. लटकत होता म्हणते, कारण तो विमानाच्या पोटात मावेना, पोटाची दारं काढून ठेवावी लागली होती. बॉम्बला पॅरॅशूट लावलेलं, म्हणजे वैमानिकांना लांब पळायला वेळ मिळेल. जमिनीपासून सुमारे ४ किलोमीटर उंचीवर तो फुटला. ताकद ५० मेगाटन, म्हणजे हिरोशिमाच्या बॉम्बच्या तीन हजार पटींहून जास्त. आणि गंमत म्हणजे, ही 'कमी केलेली' ताकद होती. मूळ डिझाइन १०० मेगाटनांचं होतं! उजेड हजार किलोमीटरवरून दिसला. पुढे या बॉम्बला 'झार बॉम्बा' असं नाव पडलं.

आता सूर्याकडे बघू. सूर्य दर सेकंदाला जेवढी ऊर्जा बाहेर टाकतो, ती झार बॉम्बाच्या हिशेबात मोजली तर सुमारे १८० कोटी बॉम्ब भरतात. दर सेकंदाला. हे वाक्य ऐकेपर्यंत तीन-चार सेकंद गेले, म्हणजे पाच-सातशे कोटी बॉम्ब होऊन गेले.

आता प्रश्नातले "सगळे अणुबॉम्ब" घेऊ. आज जगात सगळ्या देशांचे मिळून साधारण १२ हजार अण्वस्त्रं आहेत. ती बहुतेक झार बॉम्बापेक्षा कितीतरी लहान आहेत. पण आपण उदार होऊ, प्रत्येक अस्त्र झार बॉम्बाएवढं धरू. तरीसुद्धा ती सगळी ऊर्जा सूर्य एका सेकंदाच्या दीड लाखाव्या भागात बाहेर टाकतो. पहिल्या अणुस्फोटाच्या गोष्टीत गीतेतली हजार सूर्यांची उपमा हमखास येते. उपमा म्हणून जबरदस्त, हिशेब म्हणून साफ चूक. उलट आपण काजवासुद्धा नाही.

शिवाय सूर्य स्वतःच स्वतःवर स्फोट करत असतो. मोठी सौरज्वाला, म्हणजे सोलर फ्लेअर, भडकते तेव्हा काही मिनिटांत-तासांत काही कोटी झार बॉम्बांएवढी ऊर्जा सुटते. दुसऱ्या दिवशी सूर्य जसाच्या तसा. बरं, बॉम्ब तिथवर नेणंही सोपं नाही. पृथ्वी सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगानं सूर्याभोवती फिरते आणि तिच्यावरून सोडलेली प्रत्येक गोष्ट तो वेग घेऊनच निघते. सूर्यात पडायचं तर तो वेग आधी मारावा लागतो. माणसानं पाठवलेलं पार्कर यान डिसेंबर २०२४ मध्ये सूर्यापासून सुमारे ६१ लाख किलोमीटरवरून गेलं. त्याहून जवळ आपलं काहीच गेलेलं नाही, आणि एवढं जवळ जायला त्या यानाला शुक्राला सात वेळा वळसा घालून वेग कमी करावा लागला.

पण चलाख श्रोते इथे अडवतात. "ताई, काडी लहानच असते, पण गवताची गंजी पेटवते ना? बॉम्ब फक्त काडी. सूर्यात हायड्रोजन ठासून भरलाय. एकदम पेटला तर?"

हा प्रश्न येडा नाही. हाच प्रश्न एका अत्यंत हुशार माणसानं अगदी गंभीरपणे विचारला होता. सूर्याबद्दल नव्हे, आपल्या पृथ्वीबद्दल.

१९४२ चा उन्हाळा. कॅलिफोर्नियात बर्कली इथे ओपेनहायमरनं निवडक भौतिकशास्त्रज्ञांना जमवलं होतं. अणुबॉम्ब अजून कागदावरच होता. त्यात एडवर्ड टेलरनं शंका काढली: बॉम्बच्या उष्णतेनं हवेतला नायट्रोजन आणि समुद्रातला हायड्रोजन पेटला तर? सगळी पृथ्वीच एक छोटा तारा झाली तर? खोलीत हान्स बेथे होता. नाझी सत्तेवर आले, आई ज्यू कुटुंबातली म्हणून विद्यापीठातली नोकरी गेली, आणि जर्मनी सोडावी लागली, असा हा माणूस. १९३९ मध्ये त्यानं एक निबंध छापला होता. तारे नेमके कशावर जळतात, हायड्रोजनचा हेलियम कसकसा होतो, हे त्यात मांडलं होतं. म्हणजे ताऱ्याची भट्टी कशी चालते हे त्या काळी सगळ्यात नीट ज्याला ठाऊक होतं, तोच समोर बसलेला. त्यानं टेलरचं गणित तपासलं आणि सांगितलं, असं होणार नाही. हवा जितकी ऊर्जा तयार करील, त्यापेक्षा वेगानं ती ऊर्जा प्रकाशाच्या रूपात गमावेल. आग धरणारच नाही. पुढे १९४६ मध्ये टेलरनंच दोन सहकाऱ्यांसह याचा सविस्तर अहवाल लिहिला, निष्कर्ष तोच. मधल्या काळात, जुलै १९४५ मध्ये पहिल्या चाचणीच्या आदल्या रात्री एन्रिको फर्मी मात्र सहकाऱ्यांशी पैजा लावत होता, की हवा पेटेल का आणि पेटलीच तर फक्त न्यू मेक्सिको जाईल की सगळं जग. शास्त्रज्ञांचा विनोद हा असा. तिथल्या पहाऱ्यावरच्या सैनिकांना तो किती रुचला असेल, कल्पना करा.

मग सूर्यावर हीच काडी का चालत नाही? कारण सूर्य गवताची गंजी नाहीच. तो आधीच पेटलेला आहे, आणि फार मंद. सूर्याच्या अगदी गाभ्यात, दीड कोटी अंश तापमानाला, एक घनमीटर भागातून निघते साधारण पावणेतीनशे वॉट ऊर्जा. घरातले दोन-चार पंखे चालतील, बस. तेवढ्याच आकारमानाला तुमचं-माझं शरीर त्याहून जास्त उष्णता देतं! सूर्य प्रचंड आहे तो आकारानं, घाईनं नव्हे. गाभ्यातल्या एका प्रोटॉनला दुसऱ्याशी जुळायला सरासरी अब्जावधी वर्षं वाट बघावी लागते. त्यावर पुन्हा, सूर्याला कुकरसारखी शिट्टी आहे. गाभा जरा जास्त तापला की तो फुगतो, फुगला की थंड होतो, थंड झाला की भट्टी मंदावते. साडेचार अब्ज वर्षं हे असंच चाललंय.

ही शिट्टी नसलेले तारेही असतात. श्वेत बटू म्हणतात त्यांना. चंद्रशेखर यांनी त्यांच्या वजनाची मर्यादा काढली, सूर्याच्या साधारण १.४ पट. त्या मर्यादेशी आलेला श्वेत बटू पेटला तर खरंच गंजीसारखा जातो, अख्खा तारा उधळतो. पण आपल्याला सगळ्यात जवळचा श्वेत बटू म्हणजे व्याधाचा जोडीदार. तो साधारण सूर्याएवढ्याच वजनाचा, मर्यादेपासून लांब, आणि आपल्यापासून ८.६ प्रकाशवर्षं दूर. १९७७ पासून पळत असलेलं आपलं व्होएजर-१ आज कुठे एका प्रकाश-दिवसाच्या आसपास पोचलंय. तेव्हा तो विषय राहू दे.

तर आपली हत्यारं ताऱ्याचं काही वाकडं करू शकत नाहीत. उत्तर संपलं. आता उलटा प्रश्न: तारा आपल्या हत्यारांचं काय करू शकतो?

२३ मे १९६७. शीतयुद्ध ऐन भरात. व्हिएतनाममध्ये युद्ध चालू, आणि आदल्याच दिवशी नासरनं इस्रायलची वाट अडवणारी तिरानची सामुद्रधुनी बंद केल्याची घोषणा केलेली. अशा वेळी अमेरिकेची क्षेपणास्त्रं हेरणारी तीन मोठी रडारं, ग्रीनलँडमध्ये थुले, अलास्कात क्लिअर आणि ब्रिटनमध्ये फायलिंगडेल्स, एकाच वेळी गोंधळली. जॅम झाली. ही रडारं बांधली होती ती कशासाठी? सोव्हिएत क्षेपणास्त्रं उत्तर ध्रुवावरून आली तर पंधरा-वीस मिनिटं आधी कळावं म्हणून. आणि शत्रूनं ती जाणूनबुजून जॅम केली तर त्याचा अर्थ लष्करी पुस्तकात एकच होता: हल्ला सुरू होतोय. अमेरिकी हवाई दलानं आणखी अण्वस्त्रधारी विमानं उडवायची तयारी सुरू केली.

आता विचार करा. ही जादा विमानं उडाली असती तर सोव्हिएत रडारांवर काय दिसलं असतं? आणि एकदा उडालेल्या विमानांना परत बोलवायचं म्हटलं तर रेडिओ लागतो. त्याच वेळी रेडिओ संपर्काची वाट लागलेली, कारणही तेच.

कारण होतं सूर्य. त्या दिवशी सूर्यावर डागांचा एक मोठा पुंजका होता आणि त्यातून एकामागून एक सौरज्वाला उसळत होत्या. त्यांच्याबरोबर रेडिओ लहरींचा इतका जोरदार झोत आला की विसाव्या शतकातल्या सगळ्यात मोठ्या झोतांत त्याची गणना होते. मे महिन्यात उत्तरेकडच्या त्या ठाण्यांवर सूर्य क्षितिजाजवळ रेंगाळतो, रडारांच्या थेट तोंडासमोर. महाभारतातली ती गोष्ट आपल्याला पाठ आहे, हा सूर्य आणि हा जयद्रथ! इथेही गुन्हेगार आकाशात ढळढळीत समोर होता. फक्त बोट दाखवणारं कुणीतरी हवं होतं.

ते होतं, हे आपलं सगळ्यांचं नशीब. हवाई दलानं काही वर्षांपूर्वीच सूर्यावर नजर ठेवायचं काम सुरू केलं होतं. वेधशाळांकडून रोज माहिती यायची आणि कोलोरॅडोमधल्या नोरॅड या हवाई संरक्षण मुख्यालयात सूर्याचा अंदाज सांगणारे मोजके लोक बसायचे. त्या दिवशी कमांड पोस्टवरून विचारणा झाली, सूर्यावर काही हालचाल आहे का? ड्युटीवरच्या अधिकाऱ्यानं उत्साहाच्या भरात सांगून टाकलं की अर्धा सूर्य उडालाय, आणि मग जरा शांत होऊन आकडे दिले. तिन्ही ठाणी उन्हात आहेत हेही लक्षात आलं. निरोप वेळेत वर पोचला, विमानं थांबली. ही सगळी हकीकत जगाला नीट कळली ती २०१६ मध्ये, डेलोरेस निप आणि सहकाऱ्यांच्या शोधनिबंधातून. यात निवृत्त अधिकारीही होते. जवळजवळ पन्नास वर्षं कुणाला पत्ता नाही!

माझ्या मते शीतयुद्धाच्या इतिहासात क्यूबाच्या पेचप्रसंगाला जितकी पानं मिळतात, त्यातली दोन-चार या माणसांना मिळायला हवीत. मिळत नाहीत, कारण त्या दिवशी काहीच घडलं नाही.

पाच वर्षांनी, ४ ऑगस्ट १९७२ ला, सूर्यानं नुसतं जॅम करून भागवलं नाही. अमेरिकेनं उत्तर व्हिएतनामच्या किनाऱ्यावर समुद्रात सुरुंग पेरले होते. लोखंडी जहाज वरून गेलं की चुंबकीय क्षेत्र बदलतं, आणि सुरुंग फुटतो. हॉन ला जवळ वरून उडणाऱ्या अमेरिकी वैमानिकांनी पाहिलं, समोर एकही जहाज नाही, आणि अर्ध्या मिनिटात सुमारे दोन डझन स्फोट. सौरवादळानं पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र असं हलवलं होतं की सुरुंगांना वाटलं जहाज आलं. नौदलानं लगेच फक्त चुंबकावर न चालणारे सुरुंग शोधायला घेतले.

पृथ्वीचं चुंबक असं हलतं हे मोजण्यात आपल्या मुंबईचाही वाटा आहे. २ सप्टेंबर १८५९ ला इतिहासातलं सगळ्यात गाजलेलं सौरवादळ आलं, तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेत माणसं चुंबकसूचीची नोंद हातानं घेत होती. त्या नोंदीत साधारण १६०० नॅनोटेस्लाची घसरण आहे. त्या वादळाचा जोर किती होता हे सांगताना आजही शास्त्रज्ञ कुलाब्याचा तो कागद काढतात. आणि योगायोग बघा, बरोबर त्याच तारखेला, २ सप्टेंबर २०२३ ला, आपलं आदित्य-एल१ श्रीहरिकोट्याहून निघालं. त्यावरची सूर्याचे अतिनील फोटो काढणारी दुर्बीण पुण्याच्या आयुकात घडली. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, सूर्याकडे तोंड करून ते यान सध्या तेच काम करतंय जे १९६७ मध्ये नोरॅडच्या त्या खोलीत चालायचं.