‘स्त्रीधन’ शब्दाचा अर्थनिर्णय : प्राचार्य ज. र. घारपुरे यांच्या कार्याचे एक अंग

विधिमहाविद्यालयाच्या प्रमुखाचे कार्य मोजावयाचे झाले म्हणजे सामान्यतः त्या संस्थेतून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांची नामावळी सांगितली जाते. पुण्याच्या लॉ कॉलेजच्या बाबतीत ही नामावळी लहान नाही. 1923 मध्ये इंडियन लॉ सोसायटीची स्थापना झाली व 1924 मध्ये तिचे महाविद्यालय सुरू झाले. येथून 1926 मध्ये एल्‌एल्.बी. झालेले प्र. बा. गजेंद्रगडकर आणि त्यांच्यानंतरचे यशवंतराव चंद्रचूड हे दोघेही पुढे भारताचे सरन्यायाधीश झाले. तथापि ह्या संस्थेच्या उभारणीत अग्रभागी असलेले व तिचे प्राचार्यपद भूषविलेले जगन्नाथ रघुनाथ घारपुरे यांचा खरा वारसा शोधावयाचा तर तो काही थोड्या संस्कृत शब्दांच्या अर्थात शोधावा लागतो.

इंग्रजी अमदानीत न्यायालयांना साहाय्य करण्यासाठी शास्त्री नेमलेले असत. 1864 मध्ये ही पद्धत बंद झाली. त्यानंतर न्यायाधीशांचा मुख्य आधार म्हणजे पूर्वीचे निवाडे व इंग्रजी भाषांतरे. ‘मिताक्षरे’च्या दायविभागाचे कोलब्रुकने 1810 मध्ये केलेले, ‘व्यवहारमयूखा’चे बॉरोडेलने 1827 मध्ये केलेले आणि विश्वनाथ नारायण मंडलिकांनी 1880 मध्ये प्रसिद्ध केलेले, अशी ही भाषांतरे होत. भाषांतरकाराने एखाद्या शब्दाला जो प्रतिशब्द दिला, तोच व्यवहारात कायदा ठरू लागला. घारपुरे यांनी हिंदू धर्मशास्त्राच्या मूळ ग्रंथांची व भाषांतरांची माला हाती घेतली, तिचे महत्त्व ह्या पार्श्वभूमीवर ध्यानात येते. ‘मिताक्षरे’बरोबरच लक्ष्मीदेवीच्या नावावर असलेली ‘बाळंभट्टी’ ही टीकाही त्यांनी संपादित केली. न्यायालयात उभ्या राहणाऱ्या वकिलाने निवाड्यामागील भाषांतर आणि भाषांतरामागील मूळ वचन पाहावे, ही सोय त्यामुळे झाली.

मूळ शब्दाच्या विग्रहावर वारसा कसा अवलंबून असे, ह्याचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘पितरौ’ हा शब्द. निपुत्रिक मृताच्या वारसांची गणना करताना याज्ञवल्क्याने हे द्विवचन वापरले आहे. ‘माता च पिता च’ असा एकशेषाचा विग्रह होतो, त्यात मातेचा उल्लेख प्रथम येतो, म्हणून मातेचा हक्क आधी, असे विज्ञानेश्वराने प्रतिपादिले. पित्याला अन्य भार्यांपासूनही पुत्र असू शकतात, मातेचे नाते मात्र त्या पुत्रापुरते अधिक निकटचे आहे, अशी जोडही त्याने दिली. ‘व्यवहारमयूखा’चा कर्ता नीलकंठ याने हा क्रम नाकारून पित्याला अग्रस्थान दिले.

हा भेद केवळ पाठशाळेतला नव्हता. पुणे, अहमदनगर व रत्नागिरी ह्या भागांत ‘मिताक्षरा’ प्रमाण मानली जाई. गुजरात, मुंबई बेट व उत्तर कोकण येथे मतभेद असेल तेथे ‘मयूख’ वरचढ ठरे. साष्टीच्या पश्चिम किनाऱ्यावरील खारदांडा हे कोळ्यांचे गाव उत्तर कोकणात, म्हणजे ‘मयूखा’च्या प्रदेशात मोडते. येथील एखादा विभक्त हिंदू कोळी पत्नी, अपत्य वा दौहित्र मागे न ठेवता मृत झाला, तर त्याची होडी व गावठाणातील घर ग्रंथाप्रमाणे पित्याकडे जाईल. तोच पुण्यास वारला असता, तर मातेकडे. अर्थात 1827 च्या चौथ्या रेग्युलेशनाच्या 26 व्या कलमाने मुंबई इलाख्याच्या मुफसल भागात रूढीला ग्रंथोक्त कायद्याच्या आधी स्थान दिले होते. म्हणून कोळी जातीची निराळी रूढी सिद्ध झाली तर ग्रंथ मागे पडे. पण रूढी सिद्ध करण्याचा भार ती सांगणाऱ्यावर असे, आणि ती सिद्ध न झाल्यास पुन्हा ‘पितरौ’ शब्दापाशीच यावे लागे.

याहून दूरगामी वाद ‘स्त्रीधन’ शब्दाचा होता. हा शब्द पारिभाषिक मानावा की यौगिक? पारिभाषिक मानल्यास विवाहसमयी वा आप्तांकडून मिळालेले ठरावीक प्रकारचे धन तेवढे स्त्रीधन. यौगिक मानल्यास स्त्रीचे जे जे धन ते स्त्रीधन, मग ते वारशाने आलेले का असेना. विज्ञानेश्वराने निःसंदिग्धपणे यौगिक अर्थ स्वीकारला. प्रिव्ही कौन्सिलने मात्र 1866 व 1867 च्या निर्णयांत पतीकडून वारशाने आलेली मिळकत विधवेचे स्त्रीधन होत नाही, असे ठरविले. परिणामी खारदांड्याच्या कोळणीला पतीचे घर मिळाले, तरी कायदेशीर गरजेवाचून ते विकण्याची तिला मुभा नसे, आणि तिच्या पश्चात ते पतीच्या वारसांकडे जाई. मुंबई इलाख्यात कन्येला पित्याकडून आलेली मिळकत पूर्ण मालकीची होई. म्हणजे एकच स्त्री माहेरच्या घराची पूर्ण धनीण आणि सासरच्या घराची केवळ हयातीपुरती भोक्ती.

1937 च्या कायद्याने विधवेला पतीच्या मिळकतीत हिस्सा दिला, परंतु तोही मर्यादित. त्यातून उद्भवलेल्या अडचणींचा विचार करण्यासाठी 1941 मध्ये सर बेनेगल नरसिंग राव यांच्या अध्यक्षतेखाली हिंदू कायदा समिती नेमली गेली. 1944 मध्ये तिचे पुनरुज्जीवन झाले. दोन्ही वेळी घारपुरे सदस्य होते. समितीच्या मसुद्यात स्त्रीला मिळकतीवर पूर्ण मालकी देण्यात आली. विज्ञानेश्वराच्या यौगिक अर्थाशी हे सुसंगतच होते. पण त्याच मसुद्याने पुत्राचा जन्मसिद्ध हक्कही रद्द करण्याचे सुचविले, आणि जन्मसिद्ध हक्क हा तर ‘मिताक्षरे’चा कणा! 1947 च्या अहवालाला द्वारकानाथ मित्र यांनी भिन्नमतपत्रिका जोडली. घारपुरे बहुमताच्या बाजूला राहिले. ज्या ग्रंथाच्या संपादनात व भाषांतरात आयुष्य वेचले, त्याचाच एक मूलभूत सिद्धांत मोडीत काढणाऱ्या शिफारशीस त्यांनी संमती दिली, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात सर्वांत मोलाची मानली पाहिजे. ग्रंथ जाणणे आणि ग्रंथाला बांधले जाणे ह्या दोन भिन्न गोष्टी होत.

ही संहिता पुढे नेण्याचे काम दुसऱ्या एका प्राचार्याकडे आले, हा योगायोगही नोंदण्याजोगा आहे. घारपुरे यांच्या काळातच, 1935 ते 1938 ह्या वर्षांत, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या शासकीय विधिमहाविद्यालयाचे प्राचार्य होते. समितीने कन्येला पुत्राच्या निम्मा वाटा सुचविला होता. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील प्रवर समितीने तो पुत्राइतका केला. विधेयक रखडले व 1951 मध्ये आंबेडकरांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने समान वाटा स्वीकारला, पण सहदायादांचा जन्मसिद्ध हक्क कायम ठेवला. ह्या बाबतीत तो घारपुरे यांनी मान्य केलेल्या मसुद्याच्या मागेच राहिला. महाराष्ट्रात 1994 मध्ये आणि संपूर्ण देशात 2005 मध्ये कन्येलाही सहदायाद मानले गेले. तोवर समितीच्या अहवालाला अर्धशतकाहून अधिक काळ लोटला होता.

1956 च्या अधिनियमाच्या 14 व्या कलमाने मात्र स्त्रीच्या ताब्यातील मिळकत, ती वारशाने, वाटणीत, पोटगीपोटी, देणगीने, स्वकष्टाने वा खरेदीने, कशीही मिळालेली असो, तिच्या पूर्ण मालकीची ठरविली. अकराव्या-बाराव्या शतकाच्या संधिकाळात विज्ञानेश्वराने एका सामासिक शब्दाचा जो सरळ अर्थ केला होता, तो प्रिव्ही कौन्सिलने नाकारल्यानंतर नव्वद वर्षांनी संसदेने कायद्यात आणला. त्या नव्वद वर्षांत मूळ वचन विस्मृतीत जाऊ न देणाऱ्यांत प्राचार्य घारपुरे यांचे स्थान अढळ आहे.