बिघडलेल्या सुराचा इतिहास

तंबोऱ्याची जवारी जुळली नाहीं, म्हणजे तार कोरडी वाजते आणि लगेच विझते. गवई मग तारेखालचा सुताचा धागा नखानें किंचित् पुढें-मागें सरकवतो. एका विवक्षित जागीं तीच तार गुंजारव करूं लागते आणि सारी बैठक भरून जाते. रोखठोक बोलावयाचें, तर हा गुंजारव म्हणजे कांपणारी तार घोडीच्या पाठीला पुनःपुन्हां लागत असल्याची खूण आहे. तार अशी अडखळणें हा दुसऱ्या एखाद्या वाद्यांत उघड उघड दोष ठरला असता. मिरजेच्या सतारमेकर गल्लींतील कारागीर मात्र कानशीनें घोडी घांसून हाच दोष मोठ्या कसोशीनें निर्माण करीत आले आहेत. तारांनीं घोडीवर चरे पाडले कीं गुंजारव मंदावतो, आणि वाद्य पुन्हां कारागिराच्या दारीं येतें. दोष उरला नाहीं म्हणून! चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ सालीं कलकत्त्यास या घोडीवर शास्त्रीय निबंध लिहिला. तार ज्या बिंदूवर छेडली असतां कांहीं उपस्वर मुळींच उमटूं नयेत असें पाश्चात्त्य शास्त्र सांगे, त्याच बिंदूवर छेडूनहि ते उपस्वर येथें खणखणीत ऐकूं येतात, हें त्यांनीं दाखवून दिलें.

विजेच्या गिटारला अशी जवारी लाभली ती पुष्कळ उशिरां, आणि तीहि अपघातानें. त्या नादाला फझ असें नांव पडलें. गिटारच्या पोलादी तारा लोहचुंबकासमोर कांपतात, त्यांतून क्षीण विद्युत्प्रवाह निघतो आणि ध्वनिवर्धक तो मोठा करतो. परंतु मोठें करण्याला मर्यादा असते. ती ओलांडली, कीं लहरींचीं टोकें छाटलीं जातात. गोल माथ्याच्या टेकडीचें सपाट माथ्याचें पठार व्हावें, तसें. या छाटणींतून मूळ तारेंत दुर्बळ असलेले वा नसलेलेच उपस्वर उत्पन्न होतात आणि आवाज फाटका, घोगरा, परंतु विलक्षण जोमदार बनतो. रेडिओ आणि ध्वनिमुद्रण यांतील तज्ज्ञांनीं हा आवाज घालविण्यासाठींच कित्येक वर्षें खर्ची घातलीं होतीं.

वादकांचें मत निराळें पडत चाललें होतें. १९५१ सालच्या ‘रॉकेट ८८’ या अमेरिकन ध्वनिमुद्रिकेंत प्रवासांत इजा झालेल्या ध्वनिवर्धकाचा घोगरेपणा तसाच राहूं दिलेला आहे. पुढें लिंक रे या गिटारवादकानें १९५८ च्या सुमारास आपल्या कर्ण्याच्या कागदी पडद्याला पेन्सिलीनें भोंकें पाडलीं. चांगल्या वस्तूची अशी नासधूस पाहून एखाद्या काटकसरी गृहस्थाला घेरीच यावयाची! पण त्याला हवा तो आवाज त्या भोंकांतूनच निघाला.

या इतिहासांतील खरी महत्त्वाची घटना अमेरिकेंतील नॅशव्हिल शहरीं घडली. मार्टी रॉबिन्स या गायकाच्या ‘डोन्ट वरी’ या गीताचें तेथें ध्वनिमुद्रण चाललें होतें. ग्रेडी मार्टिन सहा तारांचें बास वाजवीत होता. त्याचा आवाज ज्या वाटेनें मुद्रणयंत्राकडे जात होता, तेथील एक ट्रान्सफॉर्मर नेमका त्या वेळीं बिघडला आणि गोड गाण्याच्या मध्यें एक राक्षसी गुरगुर उमटली. तेथील तज्ज्ञ ग्लेन स्नॉडी यानें ती चूक पुसून टाकली असती, तर कोणी त्याला दोष दिला नसता. तें त्याचें कामच होतें. पण मंडळींनीं विचार केला आणि ती गुरगुर तशीच ठेवली. १९६१ सालीं गीत बाहेर आलें, लोकांना आवडलें, आणि तसला आवाज इतरहि मागूं लागले. तोंवर तें बिघडलेलें यंत्र पुरतें बंद पडलें होतें! बिघाड पुन्हां हवा होता, आणि तो मिळण्याची सोय नव्हती. तेव्हां स्नॉडीनें रेव्हिस हॉब्ज या सहकाऱ्याच्या साहाय्यानें ट्रान्झिस्टरांवर चालणारी एक जोडणी मुद्दाम तयार केली. गिब्सन कंपनीनें ती घेतली आणि १९६२ सालीं ‘माएस्ट्रो फझ-टोन’ नांवानें, पायानें दाबून चालू-बंद करावयाच्या डबीच्या रूपांत, बाजारांत आणली. बिघडण्याची कला अशी विकत मिळूं लागली.

पहिल्या वर्षीं डब्या दुकानदारांनीं उचलल्या. पुढील दोन वर्षें मात्र त्या फळ्यांवरच पडून राहिल्या. कंपनी सांगे कीं या डबीनें गिटार ट्रंपेटसारखी किंवा सॅक्सोफोनसारखी वाजेल. आणि तशी ती कोणाच्याहि कानाला वाजत नव्हती. १९६५ सालीं ‘रोलिंग स्टोन्स’च्या ‘सॅटिस्फॅक्शन’ या गीतांत कीथ रिचर्ड्सनें ती वापरली. त्याच्याहि मनांत तेथें पुढें तुताऱ्यांचा ताफा बसवावयाचा होता. गिटार केवळ जागा राखण्यापुरती होती. तीच कायम राहिली आणि डब्यांचा सांठा संपला. पुढच्याच वर्षीं लंडनच्या आर्बिटर कंपनीनें ‘फझ फेस’ ही गोल थाळीसारखी पेटी काढली. तींत दोन ट्रान्झिस्टर, तीन कंडेन्सर, चार रोधक आणि दोन फिरकीचे रोधक, एवढाच संसार. अकरा भागांची ही जोडणी कोणाहि होतकरू मुलाला घरीं करतां येण्याजोगी होती, आणि जगभर मुलांनीं ती केली.

हिंदुस्थानांत तर घरीं करण्यावांचून फारसा उपायच नव्हता. परदेशी वाद्यसाहित्यावर आयातीचे निर्बंध कडक होते. सिमला सिगारेटच्या नांवानें भरणाऱ्या ‘सिमला बीट’ स्पर्धेच्या १९७० व १९७१ च्या ध्वनिमुद्रिकांवर भारतीय तरुणांचा फझ ऐकूं येतो. सुटे भाग मात्र दुर्मीळ नव्हते. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यांत १९६२ पासून जर्मेनियमचे अर्धवाहक होऊं लागले होते, आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, रेडिओच्या भागांसाठीं प्रसिद्धच होता. घरगुती रेडिओंतील जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर फझच्या डबीलाहि चालतो.

चालतो, पण लंडनच्या हवेंत चालतो तसा श्रीरामपुरास चालत नाहीं. जर्मेनियमच्या अंगीं एक खोड आहे. बंद असतांनाहि त्यांतून थोडा प्रवाह पाझरतो, आणि उष्णता सुमारें दहा अंशांनीं वाढली कीं ही पाझर दुप्पट होते. प्रवरेच्या कालव्यांनीं हिरव्या केलेल्या या उसाच्या मुलखांत डिसेंबरच्या पहाटे पारा पंधरा अंशांपाशीं असतो, तर मे महिन्यांत दुपारीं तो चाळिसाला जातो. म्हणजे पाझर पांचसहापट झाली. थंडींत जुळवलेली डबी वैशाखांत गुदमरते. सूर तुटक तुटक निघतो आणि तार कांपत असतांनाच मध्येंच मरून जातो. अशा वेळीं होतकरू कारागीर डबी उघडून सारे डाख उकरतो, भाग बदलतो आणि अखेर जें चांगलें होतें तेंहि घालवून बसतो. खरा इलाज साधा आहे. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरपाशीं बॅटरीच्या नऊ व्होल्टांपैकीं निम्मे, साडेचाराच्या आसपास, असावेत. मापक लावून ट्रान्झिस्टरला नुसती बोटाची ऊब दिली, तरी कांटा ढळतांना दिसतो. तेथील ८,२०० ओहमच्या रोधकाऐवजीं फिरकीचा रोधक बसविला, म्हणजे ऋतूप्रमाणें जुळवणी करतां येते. तंबोऱ्याचा धागा सरकवावा, तशी. पुढें सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर आले आणि उन्हाळ्याचा प्रश्न बराचसा सुटला. आवाज मात्र अधिक तीक्ष्ण झाला, म्हणून कांहीं वादक अजूनहि जर्मेनियमचीच आस धरतात.

मुळीं फाटकाच आवाज काढणाऱ्या यंत्रांत बिघाड ओळखावा कसा, हा प्रश्न कोणालाहि पडेल. तंबोऱ्याचा जाणकार जवारी आणि सैल खुंटीची खडखड यांत गल्लत करीत नाहीं, त्याच कानानें येथें ऐकावें लागतें. इष्ट दोष तारेच्या आज्ञेंत असतो: तार छेडली तर तो उमटतो, हलकी छेडली तर नरमतो, गिटारवरील आवाजाची फिरकी उतरविली तर जवळजवळ निवळतो. अनिष्ट दोषाला तारेची पर्वा नसते. तार शांत असतांना घुंई येत असेल, तर जमिनीच्या तारेचा सांधा पाहावा. फिरकी फिरवतांनाच खरखर होत असेल, तर फिरकींतील धूळ किंवा पाझरता कंडेन्सर पाहावा. आवाज मुळींच नसेल, तर बहुधा खोट पायाच्या बटणांत, खोबणींत किंवा कच्च्या डाखांत निघते. जर्मेनियमच्या जुन्या जोडण्यांत बॅटरीचें धन टोक जमिनीला जोडावें लागतें. तें उलटें झालें, तर ट्रान्झिस्टर निकामी होण्याची धास्ती असते. डाख देतांना त्याचा पाय पकडींत धरावा, म्हणजे उष्णता पकडींत उतरते.

वाट कोठें तुटली हें शोधण्याची युक्ति जुन्या रेडिओ-कारागिरांचीच आहे. ध्वनिवर्धकाला जोडलेल्या तारेच्या टोकाशीं एक लहान कंडेन्सर डाखून तें टोक जोडणीच्या एकेका सांध्यावर टेकवीत जावयाचें. ज्या सांध्यापर्यंत सूर ऐकूं येतो आणि ज्याच्यापुढें येत नाहीं, त्या दोहोंच्या मध्यें चोर असतो. व्हॉल्व्हच्या रेडिओंत हें काम जिवावर बेतण्यासारखें होतें. नऊ व्होल्टांच्या डबींत तें मुलांनींहि निर्धास्त करावें.

एक भेद मात्र जवारी आणि फझ यांच्यांत कायमचा राहिला. तंबोऱ्याच्या चार तारा एकाच घोडीवर असल्या, तरी प्रत्येकीचा धागा वेगळा. म्हणून त्या एकदम वाजल्या तरी एकमेकींत मिसळून शोभतात. फझच्या डबींत सहाहि तारांचा प्रवाह एकाच छाटणीखालून जातो. त्यामुळें दोन सूर जुळले तर ठीक; पुष्कळ सूर एकदम छेडले, कीं त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे परके सूर उठून सारा चिखल होतो. त्याला बिघाड समजून डबी उघडणाऱ्याला आंत कांहींहि सांपडत नाहीं.

आणि कधीं कधीं, गिटार जोडलेली नसतांनाहि, डबींतून अस्पष्ट मनुष्यवाणी ऐकूं येते. त्यांत भुताटकी नाहीं. लांब तार आकाशलहरी झेलते आणि रेडिओंतील स्फटिक करतो तेंच काम ट्रान्झिस्टर येथें नकळत करतो. जवळपास मध्यम लहरींचें केंद्र असेल, तर त्याच्या बातम्या गिटारच्या कर्ण्यांतून येतात. आगमनाच्या तारेपाशीं एक बारीक कंडेन्सर जमिनीला जोडला, कीं निवेदक गप्प होतो. कंडेन्सर फार मोठा घेतला, तर त्याच्याबरोबर गिटारचा वरचा झणत्कारहि थोडा जातो.