४२.३४ मीटर : आमच्या गच्चीवरून थेट १९४२ मध्ये

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी आजचा एपिसोड लिहून देतोय.

मागच्या महिन्यात शॉर्टवेव्ह रेडिओ घेतला. गव्हाणला घरी आणला, सेल टाकले, एरियल पूर्ण ओढली आणि... नुसती खरखर! बीटेक झालोय, रोज कोड लिहितो, पण एक स्टेशन लागेना. आजी म्हणाली, "अरे, तार बाहेर टाक की. आमच्याकडे कौलांवर तार असायची."

आजीचं बरोबर होतं. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, वायफायचा राउटर, सगळे बारीक बारीक रेडिओलहरी सोडतात. ते बंद केले. आठ-दहा मीटर तार विजेच्या वायरींपासून लांब, गच्चीवर ताणली आणि क्लिपने एरियलला जोडली. (ढग गडगडायला लागले की ती तार काढायची, विसरू नका.) मग अंधार पडायची वाट बघितली. दिवसा वातावरणातला खालचा थर या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो विरतो आणि लहरी आणखी वरच्या थरावर आदळून शेकडो किलोमीटर लांब उतरतात.

त्या रात्री मी मुद्दाम एक जागा शोधली : ४२.३४ मीटर. ३०० ला मीटरने भागा, साधारण ७.०८ मेगाहर्ट्झ येतात. का हीच जागा? कारण १९४२ मध्ये याच जागी 'काँग्रेस रेडिओ' लागायचा.

८ ऑगस्टला गवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव झाला, ९ तारखेच्या पहाटे नेते तुरुंगात. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर. तेव्हा मुंबईत २२ वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी गुप्त ट्रान्समीटर उभा केला. 'शिकागो रेडिओ'चे नानक मोटवानी यांनी सामान पुरवलं, राममनोहर लोहियांची साथ मिळाली. २७ ऑगस्टला प्रसारण सुरू झालं. निवेदनात पत्ता एवढाच : भारतात कुठून तरी!

पोलिसांच्या गाड्या सिग्नलची दिशा शोधत फिरायच्या, म्हणून ही मंडळी सतत जागा बदलायची. सरकारी बाजूने त्याच जागी खरखर सोडून आवाज दाबायचे प्रयत्न झाले. ऑल इंडिया रेडिओला ही पोरं 'अँटी इंडिया रेडिओ' म्हणायची.

पण ते सांगत काय होते? आपल्या विदर्भातलं चिमूर घ्या. ऑगस्टमध्ये तिथे लोक उठले, गोळीबार झाला, मग सैनिक शिरले आणि बायकांवर अत्याचार झाले. छापायला बंदी असलेल्या अशा बातम्या याच लहरींवरून बाहेर पडल्या. विचार करा, आपल्याच राज्यातल्या गावात काय घडलं हे कळायला अंधारात खरखरीला कान लावून बसायचं!

१२ नोव्हेंबरला पोलिसांनी छापा घातला. आतल्याच एका तंत्रज्ञाने पत्ता दिला होता. जेमतेम अडीच महिने चाललेला रेडिओ संपला. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. १९४६ मध्ये सुटल्या, पुढे मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवलं, १९९८ मध्ये पद्मविभूषण मिळालं.

यातली एक गंमत रेडिओ घेतल्यावरच कळली. शॉर्टवेव्ह लहर कधी कधी जवळचा भाग ओलांडून थेट लांब उतरते. म्हणजे मुंबईतला तो आवाज एखाद्या रात्री पाण्यापलीकडच्या आमच्या गव्हाणला लागलाही नसेल, आणि पार दूरच्या एखाद्या गावात खणखणीत ऐकू आला असेल.

माझ्या रेडिओवर त्या जागी काय लागलं? बदकासारखे चिरके आवाज. हॅम रेडिओवाले आपसात बोलतात तो भाग हाच आहे, साध्या सेटवर त्यांचं बोलणं कळत नाही. तरी तासभर ऐकत बसलो. आजी शेजारीच होती. म्हणाली, "लागलं का काही?"

म्हटलं, "आजी, ८० वर्षं उशीर झालाय."

तुमच्याकडे माळ्यावर जुना रेडिओ असेल तर खाली काढा, तार बाहेर टाका, आणि काय लागलं ते कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!